आधी हजेरीपट उघडा, मग पाहुणे बोलवा

सांगली जिल्ह्यातल्या एका केंद्रप्रमुखांचा प्रश्न आहे. त्यांना शिक्षकांसाठी तीन दिवसांचं भेदभावविरोधी प्रशिक्षण घ्यायचंय आणि त्यात आदिवासी व भटक्या-विमुक्त समाजांचा दृष्टिकोन यावा अशी त्यांची इच्छा आहे. तिसऱ्या दिवशी जेवणानंतरचा एक तास त्यासाठी ठेवलाय. चांगला वक्ता कोण मिळेल, आणि कॅनडातल्या शिक्षकांसाठीचं वंशभेदविरोधी साहित्य हाती आलंय ते मराठीत करून वापरावं का, असं त्यांनी विचारलंय.

सर, तो एक तास आधी काढून टाका. तिसरा दिवस, जेवणानंतरची वेळ, म्हणजे निम्मे लोक एसटीची वेळ बघतायत आणि उरलेले डुलक्या घेतायत. अशा तासाला कुणी येऊन आपल्या समाजाबद्दल बोललं की त्याची नुसती माहिती होते. हे लोक कुठल्या देवाला जातात, लग्न कसं लावतात, काय खातात. शिक्षक वहीत उतरवून घेतात आणि घरी जातात. दृष्टिकोन म्हणजे त्यांच्या पालातून, वस्तीवरून आपली शाळा कशी दिसते ते. एवढं धरलंत की तीनही दिवसांची मांडणी आपोआप बदलेल.

मला हे उशिरा कळलं, आणि तेही तोंडावर पडल्यावर. सातारा आणि सांगली मिळून बावीस वर्षं मी शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली. त्यातल्या सुरुवातीच्या एका प्रशिक्षणात मी पारधी वस्तीवरच्या एका आजींना बोलावलं. मोठ्या उत्साहानं ओळख करून दिली आणि "तुमच्यातलं एखादं गाणं म्हणा" म्हणून मागे लागले. त्यांनी म्हटलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले, शाल-नारळ झाला. रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा आजी म्हणाल्या, "बाई, गाणं तर म्हनलं. आता नातवाच्या जातीच्या दाखल्याचं कुनाला इचारू? तीन सालं झाली हेलपाटं घालतीया." मागे हॉलमध्ये चाळीस शिक्षक, दोन मुख्याध्यापक आणि एक विस्तार अधिकारी बसलेले होते. ज्यांना विचारायचं ते सगळे समोर असताना मी त्यांना गाणं म्हणायला लावलं होतं.

तो दाखला का अडतो हे शिक्षकांना ठाऊक असायला हवं, कारण त्याची गाठ शाळेतच आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. हा पुरावा बहुतेकांच्या घरी आज्याच्या शाळेच्या नोंदीतून निघतो. ज्याचा आजा शाळेत गेलाच नाही, आणि गावाच्या वेशीवर महिनाभर थांबून पुढच्या गावाला निघाला, त्यानं तो कुठून आणायचा? म्हणून आज पहिलीत नाव घालताना जातीचा रकाना नीट भरणं ही त्या घराच्या पुढच्या पिढीची मिळकत असते. आपण मात्र "हिंदू, इतर" लिहून मोकळे होतो. एका शाळेत तर एकाच घरातल्या तिघा भावंडांपुढे तीन वेगवेगळ्या नोंदी होत्या.

आता कॅनडाच्या साहित्याचं बघू. भाषांतर करून वापरू नका, पण वाचा जरूर. तिकडे आदिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत ठेवलं जायचं. दीड लाखाच्या आसपास मुलं त्या शाळांतून गेली, आणि हा कारभार १९९० च्या दशकापर्यंत चालला. पुढे सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. शिक्षकांना हा इतिहास शिकवा, आणि त्यासाठीचं साहित्य त्या शाळांतून गेलेल्यांना व आदिवासींना सोबत घेऊन तयार करा, हेही त्यात आहे. तिथले आदिवासी लोक आणखी एक गोष्ट वारंवार सांगतात, ती आपल्या फार कामाची आहे. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांना भोगावा लागणारा वंशभेद आणि आमचा प्रश्न एका मापानं मोजू नका, असं त्यांचं म्हणणं असतं. त्यांचा झगडा जमिनीचा, करारांचा आणि हिरावून घेतलेल्या भाषेचा आहे. 'सगळ्या संस्कृतींचा आदर करू या' या चटईखाली तो ढकलला की दिसेनासा होतो.

आपल्याकडेही तेच होतं. आपली भेदभावविरोधी प्रशिक्षणं अस्पृश्यतेच्या अनुभवावर बेतलेली असतात आणि ते रास्तच आहे. पण त्याच फूटपट्टीनं विमुक्त जमातींकडे पाहिलं तर शिक्षक म्हणतात, आम्ही तर सगळ्यांना एकाच हंड्यातलं पाणी देतो, मग प्रश्न कुठाय? पारधी, कैकाडी, रामोशी मुलाच्या वाट्याला येतो तो संशय. कातकरी मुलीच्या वाट्याला एक तर कीव येते, नाही तर कौतुकाचा तमाशा. दलित, विमुक्त आणि आदिवासी अशा तिघांनाही 'वंचित घटक' म्हणून एका स्लाइडवर बसवलं की कुणाचंच दुखणं सांगून होत नाही. (जाता जाता, 'मूलनिवासी' हा शब्द टाळा. आपल्याकडे त्याला वेगळं राजकारण चिकटलंय, आणि पहिला दिवस त्याच वादात जातो. लोक स्वतःला जे म्हणवतात ते म्हणा.)

भाषांतराची गरज नाही याचं दुसरं कारण असं की आपला स्वतःचा इतिहास पुरेसा आहे, फक्त तो आपल्या डीएडला कुणी शिकवला नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत लागला. १९११ च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार ठरवली गेली. नावं नोंदवायची, बोटांचे ठसे द्यायचे, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा आणि ठरल्या वेळी हजेरी द्यायची. सोलापूर, हुबळी, गदग इथं तारेच्या कुंपणातल्या वसाहती होत्या, ज्यांना लोक अजूनही सेटलमेंट म्हणतात. त्या कायद्यात मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवायची तरतूदही होती. कॅनडाच्या निवासी शाळांबद्दल वाचून हळहळणाऱ्या शिक्षकाला ही ओळ दाखवली की खोली शांत होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या वहीतली नावं बरीचशी तशीच राहिली.

माझं सगळं प्रशिक्षण यातल्या एका शब्दावर उभं असतं, तो म्हणजे हजेरी. आपल्या तोंडी तो शब्द इतका रुळलाय की काही वाटत नाही. पण ज्या घरात आज्यानं चावडीवर हजेरी दिली, तिथं तो कसा ऐकू येत असेल? एका म्हाताऱ्यांनी मला विचारलं होतं, "पोराची हजेरी रोज घेताव, तर त्यानं केलंय काय?" ते थट्टेनं बोलत होते, पण पूर्णपणे थट्टेनं नाही.

म्हणून पहिला दिवस हजेरीपटाला द्या. प्रत्येकाला आपल्या वर्गाचा मागच्या वर्षीचा हजेरीपट आणायला सांगा. नावांच्या रकान्यावर कागद चिकटवू दे, नाही तर लोक नावं वाचून गप्पा मारत बसतात. सलग तीन आठवड्यांपेक्षा जास्त गैरहजर असलेल्या ओळींना लाल पेन्सिलीनं गोल करायचे, आणि शेजारी शेऱ्यात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायचं. 'सतत गैरहजर.' 'पालक उदासीन.' मग मी एवढंच विचारते, पालक उदासीन हे तुम्हाला कसं कळलं? भेटलात का? कधी? बहुतेकांना उत्तर देता येत नाही. शेवटी तारखांकडे बघा. गोल दिवाळीनंतर सुरू होऊन मार्च-एप्रिलला संपत असतील तर ते घर ऊसतोडीला गेलंय, नाही तर मेंढरं घेऊन गेलंय, नाही तर वीटभट्टीवर आहे.

सांगलीत एक सोय आहे, ती वापरा. जत-आटपाडीकडची माणसं कामाला बाहेर पडतात, आणि वाळवा, पलूस, कडेगावच्या उसाच्या फडात बाहेरच्या जिल्ह्यांतल्या टोळ्या उतरतात. पाठवणारा शिक्षक आणि स्वीकारणारा शिक्षक एकाच जिल्ह्यात आहेत. त्यांना एका टेबलावर बसवा. एक जण सांगतो, "आमच्या पटावरची अकरा पोरं नोव्हेंबरात जातात." दुसरा म्हणतो, "आमच्याकडं खोप्यांवर तेवढीच दिसतात, पण शाळा सोडल्याचा दाखला नसतो म्हणून घेत नाही." मग आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, उघडायचा. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं कलम ५ सांगतं. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये आहे. शिक्षण हमी पत्रक नावाचा कागद याच मुलांसाठी आहे, तो किती जणांनी कधी भरला ते विचारा. या एका टेबलानं जेवढं काम होतं तेवढं माझ्या दोन तासांच्या भाषणानं कधी झालं नाही.

दुसरा दिवस संशयाचा. त्यासाठी मी एकच प्रसंग सांगते आणि त्यावर तासभर थांबते. कृष्णाकाठच्या एका शाळेत सहावीच्या वर्गात एका मुलीची कंपासपेटी हरवली. सर "कुणी पाहिली का रे?" एवढंच म्हणाले. शेवटच्या बाकावरचा पारधी मुलगा उठला, टेबलापाशी आला आणि कुणी काही सांगायच्या आत त्यानं आपलं दप्तर उपडं केलं. दोन वह्या, मोडकी पट्टी, कागदात बांधलेली अर्धी भाकरी आणि मूठभर चिंचोके. सर म्हणाले, "अरे, तुला कुणी काय म्हणालंय का? जा, बस." मुलानं चिंचोके एकेक करून वेचले. मग तो जागेवर गेला. कंपासपेटी दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरीच सापडली.

हा प्रसंग मला त्या सरांनीच सांगितला, आणि कशासाठी, तर "बघा मॅडम, मी त्याच्यावर संशय घेतला नव्हता" हे दाखवायला. माणूस चांगला होता. म्हणूनच हा प्रसंग कामाचा आहे. खलनायक असला की बाकीचे सुटतात. शिक्षकांना मी विचारते, दप्तर उपडं करायचं हे त्या पोराला कुणी शिकवलं? किती वेळा झाल्यावर माणूस असं न सांगता करतो? आणि सरांनी त्या क्षणी काय करायला हवं होतं? उत्तरं वेगवेगळी येतात. मला पटलेलं एक उत्तर खानापूर तालुक्यातल्या एका बाईंचं होतं. त्यांच्या वर्गात वस्तू हरवली की कुणाचंच दप्तर तपासायचं नाही असा नियम आहे. सगळ्यांनी मिळून बाकांखाली शोधायचं, आणि नाही सापडली तर उद्यापर्यंत विषय बंद. "निम्म्या वस्तू घरीच असतात," त्या म्हणाल्या. आरटीईच्या कलम १७ मध्ये मानसिक छळालाही मनाई आहे, पण इथं कलमापेक्षा हा नियम जास्त उपयोगी पडतो.

त्यानंतर चिठ्ठ्या वाटते. गेल्या महिन्यात ऑफिसातून तुमची पर्स, मोबाइल किंवा गाडीची किल्ली आणायला ज्या तीन मुलांना पाठवलंत त्यांची नावं लिहा. दुसऱ्या बाजूला, वर्ग झाडायला किंवा बाहेरची खुर्ची उचलायला सांगितलेली तीन नावं. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही, खिशात ठेवायची. बोलायचंही नाही. दहा मिनिटांची सुट्टी द्यायची.

विरोध होणारच. साताऱ्या-सांगलीत तो वारशाचा आधार घेऊन येतो. सावित्रीबाई नायगावच्या, जोतिरावांचं मूळ गाव कटगुण, बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला पटावर चढलं, कर्मवीरांनी १९१९ ला काले गावात रयत सुरू केली, अण्णाभाऊ वाटेगावचे. मग आमच्याकडं कसला भेदभाव? मी वाद घालत नाही. अण्णाभाऊ दीडच दिवस शाळेत गेले, हे दर १ ऑगस्टच्या भाषणात आपण कौतुकानं सांगतो. मी विचारते, सर, त्या दीड दिवसात शाळेनं काय केलं असेल? जातपंचायतीचा विषयही कुणीतरी काढतंच. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात २०१६ चा कायदा आहे आणि तो सगळ्या जातींना लागू आहे, एवढं सांगून मी पुढे जाते. त्या विषयात शिरलात तर दुपार गेली समजा, आणि आपलं हजेरीपटाचं बोलणं सोयिस्करपणे राहून जातं.

एक गोष्ट मात्र जपा. प्रशिक्षणाला आलेल्यांत या समाजांतले शिक्षक असतातच. काहींनी आडनाव बदललेलं असतं, काहींनी स्टाफरूममध्ये कधी सांगितलेलं नसतं. "आपल्यातलं कुणी आहे का?" असं चुकूनही विचारू नका. एका प्रशिक्षणात एका सरांनी तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मी कैकाडी. हे सगळे माझ्यासमोर 'काय कैकाड्यागत भांडताय' म्हणतात, मीपण हसतो." ते पुढं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षापासून स्टाफरूममधल्या अशा वाक्प्रचारांसाठी मी अर्धा तास ठेवते. शिक्षकांना फळ्यावर लिहायला सांगते. फळा भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

भाषेसाठी जतची मदत घ्या. तिथले बरेच शिक्षक घरी कन्नड बोलतात. त्यांच्यापैकी एकाला उभं करून दहा मिनिटं परिसर अभ्यासाचा पाठ निव्वळ कन्नडमधून घ्यायला लावा, प्रश्न विचारू द्या, आणि उत्तर न देणाऱ्यांच्या नावापुढे 'अप्रगत' लिहा. खोलीत हशा पिकतो, मग पडतो. कैकाडी घरातली बोली तमिळच्या नात्यातली, वडारी तेलुगूच्या, पारधी गुजरातीच्या. पहिलीत आलेलं पोर गप्प बसतं, ते शाळेची भाषा ऐकत असतं म्हणून. आपण त्याला मंद ठरवतो. शिक्षकानं बोली शिकायलाच हवी असं नाही. पाणी, भूक, लघवी, दुखतंय, घरी जायचंय एवढे पाच-सात शब्द आईकडून विचारून वहीत लिहिले तरी पहिले दोन महिने निभतात.

९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाबद्दल थोडक्यात. कागदी पिसं, पानांचे घागरे, तोंडाला काळं आणि 'झिंगालाला हू हू' हे बंद करा. डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेत हा नाच चालला असताना तिथली कातकरी मुलगी खांबाला टेकून उभी होती. तिला नाचात घेतलं नव्हतं, कारण तिच्याकडं 'आदिवासी ड्रेस' नव्हता. यावर मी वेगळं सत्र घेत नाही, फक्त एवढा प्रसंग सांगते.

आता तुमच्या वक्त्याचा प्रश्न. बोलवा, पण तिसऱ्या दिवशी आणि सकाळी. एकटीला बोलावू नका, दोघी-तिघांना बोलवा, म्हणजे एकीवर सगळ्या समाजाचं ओझं येत नाही. आठवडाभर आधी वस्तीवर जा आणि त्यांनाच विचारा, शिक्षकांना काय सांगायचंय, काय विचारायचंय. दुःखाची कहाणी मागू नका, गाणं तर नाहीच नाही. खुर्च्या उलट्या लावा. त्या विचारतील, शिक्षक उत्तरं देतील. एका वेळी एका आईनं विचारलं होतं, "वर्गात जात मोठ्यांदा का इचारता? फॉर्म भरायचा तर मला बोलवा की." सरलवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, माहिती भरताना भर वर्गात 'एससी-एसटी हात वर करा' म्हणणारे निम्मे जण तिथं बसलेले होते. फोटो त्यांना विचारून काढा आणि ग्रुपवर टाकू नका. शेवटी मुख्याध्यापकांनी त्या सकाळी आलेल्या प्रत्येक तक्रारीपुढे, दाखला असो की पटावरचं नाव, स्वतःचं नाव आणि तारीख लिहायची. कागदाची एक प्रत पाहुण्यांना द्यायची.

आणि मानधन. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, येण्याजाण्याचं भाडं लागतं. आमच्या पहिल्या व्हाउचरवर लिपिकानं हुद्द्याच्या रकान्यात 'पालक' लिहिलं होतं आणि पालकांना फक्त चहा-नाश्ता बसत होता. मी ते खोडून 'तज्ज्ञ मार्गदर्शक' लिहिलं. लेखा विभागातून विचारणा आली, शैक्षणिक पात्रता काय? मी लिहून पाठवलं, तीस वर्षं सात तालुक्यांतल्या शाळांत मुलं घालण्याचा अनुभव. बिल दोन महिने अडलं, पण निघालं. तुम्ही प्रस्ताव पाठवतानाच हा रकाना भरून पाठवा, नंतर खोडाखोड चालत नाही.